व्यवसाय कराचा भार कोणावर?

महोदय, राज्याची करव्यवस्था सेवाक्षेत्राला अनुरूप करावी, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. मूळ मुद्दा पटला, मात्र त्यात व्यवसाय कराचा उल्लेखही नसावा याचे आश्चर्य वाटले. नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांवर राज्याला थेट बसवता येणाऱ्या या कराची कमाल मर्यादा संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार १९८८ च्या दुरुस्तीपासून वर्षाला २,५०० रुपयेच आहे. परिणामी आमच्याकडच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचा काटा करून पावत्या फाडणाऱ्या, महिना अकरा हजारांवर राबणाऱ्या तरुणाच्या पगारातून दरमहा २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) कापले जातात आणि पुण्यातील कंपनीत महिना तीन लाख घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातूनही तेवढेच. हा सरळसरळ अन्याय आहे. महिलांसाठी करमुक्त पगाराची मर्यादा राज्याने २०२३ मध्ये दरमहा २५ हजार रुपयांपर्यंत नेली, ते योग्यच झाले. पुरुषांसाठी ती अजून साडेसात हजारांवरच आहे आणि ती वाढवायला दिल्लीची परवानगी लागत नाही. त्यातून घटणारा महसूल वरच्या उत्पन्नगटाकडून भरून काढता यावा, यासाठी अनुच्छेद २७६ मधील मर्यादा वाढवण्याचा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा.

– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)