ट्रेनर्स तुझे, वेण्या त्याच्या

चि. ओम,

अनेक आशीर्वाद.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून ती पलंगावरूनच सगळ्यांना कामाला लावतेय, म्हणजे तब्येत उत्तम आहे. आता तुझं. फोनवर आपलं जे झालं ते अर्धवट राहिलं, कारण तू फोन ठेवलास. मराठीत लिहितोय, कारण चौथीपर्यंत इथल्या शाळेत होतास, वाचता येतं तुला. शिवाय स्क्रीनशॉट काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकलास तरी तिथे कुणाला काही कळायचं नाही.

तुझं म्हणणं असं की तू ब्राऊन आहेस म्हणून तुझ्या लंडनच्या शाळेत तुला डिटेन्शन, म्हणजे शाळा सुटल्यावर बसून राहायची शिक्षा, मिळाली, आणि तुमच्या इयत्तेचे प्रमुख, हेड ऑफ इयर, रेसिस्ट आहेत. तूच सांगितलंस की त्याच सकाळी, त्याच फाटकात, तसेच काळे ट्रेनर्स (खेळाचे बूट) घातले म्हणून आणखी दोन मुलांना पकडलं, आणि ती दोन्ही गोरी. मग बाबा रे, हा कसला वर्णद्वेष? नियम लेदरच्या बुटांचा आहे, तो जूनमध्ये घरी आलेल्या पत्रकात छापला होता, तुझे लेदरचे बूट कपाटात पडून आहेत. तुला ट्रेनर्स आवडतात, एवढंच. ते मला समजतं. पुण्यात आमच्या शाळेत शुक्रवारी नखं तपासायचे, आणि मीही मास्तरांच्या नावाने बोटं मोडायचो. पण ते माझ्यावर अन्याय करतायत असं कधी म्हणालो नाही.

डिटेन्शन बसून ये. तो विषय माझ्यापुरता संपला.

मला जास्त लागलं ते दुसरंच. बोलता बोलता तू सहज म्हणालास की तुझ्या शेजारी बसणाऱ्या त्या कृष्णवर्णीय मित्राला दोन दिवस आयसोलेशनमध्ये, म्हणजे वर्गाबाहेर वेगळ्या खोलीत, बसवलंय, केसांमुळे. आणि लगेच परत आपल्या बुटांवर आलास. (त्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही.) त्याला काय म्हणाले? ‘सगळ्यांना एकच नियम. मुलांनी वेण्या घालायच्या नाहीत.’

गेल्या हिवाळ्यात तुला आणायला त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हाचं आठवतं. रविवारची संध्याकाळ, स्वयंपाकघरात त्याची आई खुर्चीवर, तो खाली जमिनीवर तिच्या गुडघ्यांमध्ये मान वाकवून बसलेला. लांब टोकाच्या कंगव्याने ती भांग पाडत होती, बोटाने मुळांना क्रीम लावत होती आणि डोक्यालगत घट्ट, बारीक वेणी विणत मागे नेत होती. आजी आत्याच्या वेण्या घालायची अगदी तशी, मान हलली की कंगव्याचा टोला सुद्धा तसाच. मी सहज विचारलं तेव्हा म्हणाली, याचे केस मोकळे सोडले तर गुंततात, विंचरताना तुटतात, असे बांधले की दोन आठवडे नीट राहतात. म्हणजे नीटनेटकं दिसण्यासाठीच हा सगळा खटाटोप! वेण्या नकोत तर बारीक कापावेत म्हटलं, तर तुमच्या त्याच नियमावलीत दोन नंबरच्या मशीनपेक्षा बारीक चालत नाही. वाढवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, उडवायचेही नाहीत. तुझे किंवा त्या दोन गोऱ्या मुलांचे केस या कात्रीत कधी सापडत नाहीत. नियम सगळ्यांना एकच, हे खरं. पण तो लिहिताना डोळ्यांसमोर डोकं कुणाचं होतं?

हा प्रश्न मी शोधून काढलेला नाही. १९७८ साली बर्मिंगहॅमच्या एका खाजगी शाळेने एका शीख मुलाला प्रवेश नाकारला, कारण तो फेटा काढणार नव्हता आणि वडील केस कापू देणार नव्हते. हेडमास्तरांचं म्हणणं काय, तर फेट्यामुळे मुलांमधले भेद उठून दिसतात, ते मला कमी करायचेत. वाईट हेतू नव्हता, असं धरून चालू. अपील कोर्टात न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. शेवटी १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो फिरवला. ‘मांडला विरुद्ध डाऊवेल ली’ हे त्या खटल्याचं नाव, तिथले वकील अजून त्याचा दाखला देतात. शाळेची बाजू अशी होती की फेटा काय, कुणालाही उतरवता येतो. तिथले एक न्यायाधीश लॉर्ड फ्रेझर म्हणाले, हाताने उतरवता येतो का हा प्रश्नच नाही. आपल्या समाजाच्या रीतीभाती सांभाळून, रोजच्या जगण्यात त्याला तो नियम पाळता येईल का, ते बघायचं. मला हे वाक्य फार शहाणपणाचं वाटतं. तुझे ट्रेनर्स या कसोटीवर लावून बघ. मग त्याच्या वेण्या लाव.

वेण्यांचा खटला तर आपल्या दारातच झाला. हॅरोमधल्या सेंट ग्रेगरीज शाळेने २००९ साली अकरा वर्षांच्या एका मुलाला पहिल्याच दिवशी परत पाठवलं, कॉर्नरोज, म्हणजे अशाच डोक्यालगत विणलेल्या वेण्या, होत्या म्हणून. शाळेची भीती टोळ्यांची होती: विशिष्ट केशरचना म्हणजे विशिष्ट टोळी, आणि ते लोण शाळेत नको. लंडनमध्ये ही भीती अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. २०११ मध्ये हायकोर्टाने तेही लक्षात घेतलं. पण घराण्याची परंपरा म्हणून वेण्या ठेवणाऱ्या मुलाला सवलत द्यायचा विचारच न करणं हा अप्रत्यक्ष वांशिक भेदभाव आहे, असा निकाल दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या समानता आणि मानवी हक्क आयोगाने शाळांना लेखी सांगितलं की अफ्रो, वेण्या, कॉर्नरोज यांवर सरसकट बंदी घातली तर ती बेकायदा ठरण्याची शक्यता आहे. तुझ्या शाळेच्या नियमावलीवर त्यानंतरची तारीख आहे. वाचलं असेल का कुणी?

आता तू म्हणशील, म्हणजे शाळेने पोशाखाबद्दल काही बोलूच नये. तसं नाही. ल्युटनच्या डेनबी हायस्कूलचं प्रकरण वाच. तिथल्या बहुतेक मुली मुस्लिम, मुख्याध्यापिका स्वतः बंगाली मुस्लिम कुटुंबातल्या. शाळेने पालकांशी, स्थानिक मशिदींशी बोलून गणवेश ठरवला होता, त्यात सलवार कमीज होती, डोक्याला रुमाल चालत होता. एका मुलीने पायघोळ जिलबाबच, म्हणजे अंगभर सैल झगाच, हवा असा आग्रह धरला. अपील कोर्टात ती जिंकली, पण २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने शाळेचं बरोबर ठरवलं. बर्मिंगहॅमची शाळा हरली आणि ल्युटनची जिंकली, यात मला तरी विसंगती दिसत नाही. ल्युटनच्या शाळेने नियम करण्याआधी ज्यांच्या अंगावर तो जाणार होता त्यांना विचारलं होतं. वेम्बलीच्या मिकेला शाळेची शिस्त तर तुम्ही पोरं भुताच्या गोष्टीसारखी सांगता, पॅसेजमध्ये चकार शब्द नाही वगैरे. पण तिथे दुपारचं जेवण सगळ्यांना शाकाहारी, का तर सगळ्या धर्मांची मुलं एका टेबलावर बसू शकावीत. कडकपणा आणि भेदभाव या वेगळ्या गोष्टी आहेत. (मिकेलातल्या नमाजबंदीवर २०२४ मध्ये कोर्टाने शाळेच्या बाजूने निकाल दिला, त्याबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. आईचं झालंय, तिला विचार.)

राहिला पोलिटिकल करेक्टनेस. ऑफिसात लंचला रोज एकजण कुरकुरतो की हल्ली काही बोलायचीच सोय राहिली नाही. त्याला नेमकं काय बोलायचं असतं ते मात्र तो कधी सांगत नाही. दुसऱ्याला लागेल असं न बोलणं यात मला जुलूम दिसत नाही. गणपतीत आरतीनंतर पंगत बसली होती, तुझा हाच मित्र आवडीने मोदक खात होता, तेव्हा एक काका मराठीतून ‘काळ्याला अजून एक वाढा’ म्हणाले आणि चारपाच जण हसले. तो पण हसला, कारण सगळे हसत होते. त्या काकांशी मी नंतर बोललो, त्यांना ते आवडलं नाही, बरं झालं. लग्नाच्या जाहिरातीत अजूनही ‘गोरी, सडपातळ’ छापणाऱ्या आपल्या लोकांनी इंग्रजांना वर्णद्वेषावर प्रवचन द्यायचं म्हणजे कमालच आहे.

पण तुमच्या शाळेचं मला उलटं वाटतं. ऑक्टोबरभर ब्लॅक हिस्टरी मन्थ म्हणून कॉरिडॉरमध्ये पोस्टर्स होती, असेम्ब्ली झाली, निबंधात एक जुना शब्द वापरलास म्हणून तुला सौम्य समजही मिळाली. सगळं योग्यच. आणि नोव्हेंबरात त्याच कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत हा पोरगा भिंतीकडे तोंड करून वर्कशीट भरतोय, आईने निगुतीने घातलेल्या वेण्यांमुळे! शब्द बदलायला पोस्टर पुरतं. नियम बदलायचा तर कुणीतरी गव्हर्नर्सच्या, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळाच्या, बैठकीत बसून एक ओळ खोडावी लागते, आणि तेवढे कष्ट कुणी घेतलेले दिसत नाहीत. हेड ऑफ इयर रेसिस्ट आहेत का, मला माहीत नाही. त्यांच्या मनात शिरायची गरजही नाही. कायदा मन विचारत नाही, परिणाम विचारतो.

म्हणून आता करायचं ते असं. घडलं तसं लिहून ठेव: कोणत्या तासाला नेलं, काय शब्द वापरले, किती वेळ बसवलं, गेल्या वर्षी त्याच वेण्या चालल्या होत्या का. जे पाहिलंस तेवढंच, ऐकीव नको, आणि विशेषणं अजिबात नकोत. शाळेकडे लेखी तक्रार, मग गव्हर्नर्सकडे, असा रस्ता आहे. इक्वॅलिटी अ‍ॅक्टखाली (तिथला समानता कायदा) कोर्टात जायचं झालं तर सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणजे वेळ आहे, पण लोळत पडण्याइतका नाही.

आणि हे सगळं त्याच्या आईला विचारल्याशिवाय करायचं नाही. त्रास त्यांना होतोय, प्रकरण त्यांचं आहे. त्यांना गाजावाजा नको असेल तर तू तुझा कागद त्यांच्या हातात दे आणि गप्प बस. त्या हो म्हणाल्या तर मला कळव, पालक म्हणून सही करायला मी तयार आहे आणि आईही आहे. नियमावलीचं पीडीएफ मात्र आजच पाठव, विमानात वाचून काढतो.

तुझा,
बाबा