तांबडी व्यायच्या आधी

मॉरिन्सव्हिल, वायकाटो (न्यूझीलंड)
24 ऑगस्ट

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आई, इथं थंडी आहे, पण तू समजतेस तशी बर्फाची नाही. पाऊस आणि पहाटेचा गारठा, एवढंच. गमबूट, रेनकोट, लोकरीचे मोजे सगळं घेतलंय. जेवण दोन्ही वेळचं होतं, फोटोत तोंड बारीक दिसतं ते दाढीमुळं. इथं वसंतातल्या गवताच्या हिशोबानं सगळ्या गाई जुलै ते सप्टेंबरमध्ये एकदमच व्यायला धरलेल्या असतात, म्हणून फोन राहून जातो. आणि गावात कुणी म्हणत असेल की पोरगा शेण काढायला परदेशात गेला, तर सांगा की तो वासरं जगवायचं काम करतो.

वासरू आईपासून तोडतात ते ऐकून तुला वाईट वाटलं, म्हणून नीट सांगतो. गाय व्याली की चोवीस तासांच्या आत वासरू उचलून शेडमध्ये नेतात. माया नाही म्हणून नव्हे. रानात व्यालेल्या गाईखाली वासरानं चीक किती प्यायला, हे कुणालाच सांगता येत नाही. कास लोंबती असली तर सड त्याला सापडत नाही, आणि ते नुसतं चाटत उभं राहतं. शेडमध्ये मोजून पाजता येतं. दुसरं म्हणजे जॉन्स नावाचा आतड्याचा रोग शेणातून, मळलेल्या सडातून याच वयात वासराच्या पोटात जातो आणि दोन-तीन वर्षांनी गाय झुरायला लागते, तेव्हा कळतो. तिसरं, तोडायला जितका उशीर तितका दोघींचा हंबरडा जास्त. आपल्याकडं वासरू सोडल्याशिवाय गाय पान्हावत नाही. इथल्या गाई पहिल्या वेतापासून यंत्रावरच पान्हा सोडतात. तरी पहिल्या रात्री एखादी गाय कुंपणाशी उभी राहून हंबरते, हे मी लपवत नाही. गोऱ्ह्यांचंही तू विचारलंस. जे पाळायचे नसतात ते कत्तलखान्याच्या ट्रकनं जातात. चार दिवस पुरे झाल्याशिवाय नेता येत नाहीत, असा कायदा आहे. माझ्याकडं कालवडी आहेत. याहून जास्त मला लिहवत नाही.

आपल्याकडं वासरू तोडा असं मी म्हणत नाही. पण चीक मोजून पाजा. अण्णा, तांबडी भाद्रपदात व्यायची आहे, म्हणून पुढचं दादाला मोठ्यानं वाचायला सांगा.

जार (वार) पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, हे आपण आजोबांपासून करत आलो. ते सोडा. गाईच्या पोटात असताना वासराला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातूनच येते. चिकातली ती ताकद आतड्यातून रक्तात जायचं दार पहिल्या सहा तासांत चांगलं उघडं असतं, चोवीस तासांत बंद होतं. जार पडायला बारा तास लागू शकतात. तोवर थांबलं की चीक पोटात जातो, पण फारसा कामाला येत नाही, आणि आठ-दहा दिवसांनी हगवण लागून वासरू जाऊ शकतं. मागच्या वेळचं तसंच गेलं असं मला वाटतं. वासरू पाजल्यानं जार अडत नाही, उलट पान्हा सुटला की गर्भाशय आवळतं. चोवीस तासांत पडला नाही तर डॉक्टर बोलवा. ओढू नका, दगड बांधू नका.

तीस किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत दीड-दोन लिटर, आणि बारा तासांच्या आत मिळून तीन लिटर. आधी सड धुवा, पहिली धार टाकून द्या. बांबूच्या नळ्यानं ओतू नका, फुफ्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. निपलची बाटली घ्या, मान किंचित वर राहील अशी धरा. चीक दाट आहे की नुसता पिवळा, ते डोळ्याला कळत नाही. इथं त्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकतात, तेच ते द्राक्षबागेत गोडी बघायचं. 22 च्या वर आला तर चांगला. दादाच्या मित्राकडं आहे, एक दिवस मागून आणा. पहिल्या वेळी काढलेला चीक उरला तर एक-एक लिटरच्या स्वच्छ बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवा. वितळवताना पन्नास अंशांपर्यंतचं कोमट पाणी, उकळतं नको, त्यात ताकद मरते. आई, खरवस दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा कर. पहिला वासराचा.

नाळ व्याल्याबरोबर आयोडीनमध्ये बुडवायची, फडक्यानं पुसायची नाही. खाली कोरडं काड असू द्या. इथं आम्ही वीस सेकंद गुडघे टेकून बघतो, पँट ओली झाली तर बिछाना बदलायचा.

पुढं दूध रोज ठरल्या वेळी, अंगाच्या उबेइतकं कोमट. एकदा गार, एकदा गरम झालं की पोट बिघडतं. हगवण लागली तर दूध बंद करू नका, वासरू उपाशीच मरतं. दूध चालू ठेवा आणि दोन पाजण्यांच्या मध्ये मीठ-साखरेचं तयार पाकीट (डॉक्टरांकडं जनावरांचं मिळतं) पाण्यात कालवून दीड-दोन लिटर. मानेची कातडी चिमटून सोडा. दोन सेकंदांत बसली नाही, डोळे खोल गेले किंवा चोखायची ओढ गेली तर घरी वेळ घालवू नका, सलाईन लागतं. जंताचं पहिलं औषध दहा-पंधरा दिवसांनी, वजन सांगून.

पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी आणि वासरांचा मूठभर खुराक समोर ठेवा. नुसत्या चाऱ्यानं पोट लोंबतं, पण आतलं अस्तर वाढत नाही, ते दाण्यानं वाढतं. सलग तीन दिवस किलोभर खाल्लं की आठवडाभरात दूध तोडा. आणि कालवड गाभण करायची ती वयावर नाही, वजनावर. मोठ्या गाईच्या साठ टक्के झाली की मगच.

या महिन्यात 70 हजार पाठवलेत. आधी सोसायटीचा हप्ता भरा, उरतील ते धाकटीच्या लग्नाला ठेवा. तारखेचं मात्र माझं अडतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत इथं गाई गाभण करायचा काळ, तेव्हा सुट्टी नाही. पौष सोडून माघात मुहूर्त निघाला तर मी नक्की येतो. मुलाकडचे मार्गशीर्षच म्हणत असतील तर माझ्यासाठी अडवू नका. धाकटीला हे तुम्ही सांगू नका, मीच फोनवर सांगतो.

मामांनी सुचवलेल्या स्थळाचं. फोटोवरून होकार देऊ नका. इथलं घर शेतावर आहे, शेजार लांब आहे. मुलीला ते चालेल का, हे आधी तिलाच विचारा. मी नाही म्हणत नाही.

पोळ्याला बैलांना माझ्या वाटची पुरणपोळी दिली का, ते लिहा.

तुमचा,
बाळू

ता. क. आयोडीन 7 टक्क्यांचं मागा. साध्या मेडिकलमध्ये मिळतं ते फार पातळ असतं. बाटली आजच आणून ठेवा.