दिवाळीत बाहेर निघण्याआधी हे बघून घ्या

मंडळी, सुट्ट्या लागल्या की निम्मी सोसायटी कोकणात नाहीतर गावाला जाते, म्हणून आत्ताच सांगतोय. धनत्रयोदशीच्या आधी गॅरेजवाल्यांकडे रांग असते आणि नंतर भाऊबीजेपर्यंत बरेचसे बंदच, तेव्हा गाडीचं काम याच आठवड्यात उरका. हवा टायर थंड असताना चेक करा, स्टेपनीची पण, ती सगळेच विसरतात, आणि टायरची नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी राहिली असेल तर तो कायद्याने पण चालत नाही, बदलाच. ब्रेक लावल्यावर घासल्यासारखा आवाज येत असेल तर पॅड बघून घ्या, कुंभार्ली किंवा आंबोली घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर राहू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक फार तापले की नीट धरत नाहीत. आणि इंजिन गरम झालं तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका हो, उकळतं पाणी तोंडावर उडतं, पोरं शेजारीच उभी असतात.

घरातून निघताना गॅसचा रेग्युलेटर, गीझर आणि पाण्याचा मेन कॉक बंद. गळक्या नळाचा बहुतेक वेळा वायसरच गेलेला असतो, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो, जायच्या आधीच बदला म्हणजे खालच्यांच्या छताला ओल नको. एक चावी शेजाऱ्यांकडे ठेवा.

कुणाचे आईवडील घरी एकटे राहणार असतील तर ग्रुपवर नक्की कळवा, आम्ही इथेच आहोत, रोज चक्कर मारू.