तनू, परवा जेवताना मी जे बोललो त्याबद्दल

तनू,

नाईटला आहे. दोन वाजून गेलेत, बिल्डिंगच्या एसीचे दोन्ही चिलर नीट चालू आहेत, रीडिंग घेऊन झालं, आता चारपर्यंत काही काम नाही म्हणून टाईप करतोय. समोर बोलायला बसलो की मम्मी मध्ये बोलते, तू मोबाईल काढतेस आणि माझा आवाज चढतो. लिहिताना निदान आवाज तरी चढत नाही. मोठं होणारे, बसून वाच.

परवा तू दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन करणार म्हणालीस, मी नाही म्हटलं आणि वर म्हणालो, "78 टक्के पाडून आयटीआयलाच जायचं होतं तर क्लासला कशाला घातली." तू काही भांडली नाहीस. अर्धी भाकरी ताटात टाकून उठलीस आणि जाताना एवढंच बोललीस की पप्पा, तुम्ही पण आयटीआयच ना. मामा हसला, मम्मीने माझ्याकडे बघितलं, आणि मी उगाच पाण्याचा ग्लास उचलला. तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय.

खरं सांगतो, ते वाक्य तुझ्यासाठी नव्हतं. तीस वर्षं मी स्वतःलाच ते ऐकवत आलोय. मम्मीला बघायला गेलो तेव्हा तुझ्या आजोबांना काकांनी सांगितलं होतं, मुलगा इंजिनिअरिंग लाईनला आहे. खोटं नव्हतं, पण "फिटर" हा शब्द कोणी काढला नाही आणि मीही नाही. तुझ्या पहिलीच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी "सर्व्हिस" लिहिलं. सोसायटीत अजून अर्ध्या लोकांना वाटतं मी या बिल्डिंगमध्ये ऑफिसात बसतो, आणि मी कधी दुरुस्त करत नाही.

आता त्या आयटीआयचं सांगतो, कधीच सांगितलेलं नाहीये. 94 ला दहावी झालो, तालुक्याच्या आयटीआयला फिटरला नंबर लागला, म्हणजे मी काही आवडीने गेलो नव्हतो, अकरावीच्या एसटीचा पास परवडत नव्हता म्हणून गेलो. पहिले कित्येक आठवडे एकच काम. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा वाईसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंजात, धरायचा आणि कानस मारायची. पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना सोडायचा. वाटतं सोपं, पण हात पुढे जाताना झोका खातो आणि मधे फुगवटा राहतो, कडा बसतात. मग त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, ठेवायचा, डोळ्यासमोर उजेडाकडे धरायचा, आणि लोखंड आणि गुण्याच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसली की निदेशक सर काही न बोलता तुकडा परत वाईसकडे सरकवायचे. मला सतरा-अठरा वेळा परत दिला असेल. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर हळद लावून परत कानस. एक दिवस गुण्या ठेवला तर उजेड दिसेना. चारी बाजूंनी फिरवून बघितला, कुठेच दिसेना. सरांनी तुकडा घेतला, बघितला आणि नुसतं म्हणाले, "आता ड्रिलिंगला जा." शाळेत माझं कधीच कोणी काही बरोबर म्हटलं नव्हतं ग. गणितात सर अर्धे मार्क देऊन दया दाखवायचे. इथे दया नव्हती, उजेड दिसतो किंवा दिसत नाही.

मग 96 ला ठाण्याला आलो. तेव्हा ही आपली ट्रान्स हार्बर लोकल नव्हती, ती 2004 ला सुरू झाली, ठाण्याहून बसला लटकून रबाळेला जायचो. एक वर्ष ॲप्रेंटिस, स्टायपेंड हजाराच्या आत, पण खोलीचं भाडं निघायचं. तेव्हा बेलापूर रोडवर केमिकलचा वास ऐरोलीपासूनच यायचा. नंतर एकेक कंपनी बंद झाली, जागेवर काचेच्या बिल्डिंगा आल्या. आमचीही 2009 ला गेली, तू तेव्हा बाळ होतीस. ज्यांच्याकडे नुसता अनुभव होता आणि कागद नव्हता ते वर्षभर नाक्यावर उभे होते. माझ्याकडे एनटीसीचं, म्हणजे आयटीआय पास झाल्याचं, सर्टिफिकेट होतं, ॲप्रेंटिसचं होतं, तीन महिन्यांत काचेच्या बिल्डिंगच्या मेंटेनन्सला लागलो, कारण काच असली तरी आत पंप असतो, व्हॉल्व्ह असतो आणि तो गळतोच. म्हणजे ज्या कागदाची लाज वाटत होती त्यावरच आपलं घर चाललं. हे मला कळत होतं, तरी परवा मी ते बोललो.

तुझ्याबाबतीतही मी सुरुवातीपासून तसाच. नववीत तू हिंदीऐवजी मल्टी स्किल हा व्यवसाय विषय घेतलास तेव्हा मी शाळेत भांडायला आलो होतो, आठवतं का. पालिकेच्या शाळेत घातली हेच नातेवाईकांना सांगताना जड जात होतं, त्यात हे. मला वाटलं गरिबाच्या पोरांना सुतारकाम शिकवतात आणि भाषा काढून घेतात. तुमच्या सरांनी मला बसवलं आणि सांगितलं की हे पाबळच्या विज्ञान आश्रमातून आलेलं आहे, डॉक्टर कलबाग म्हणून होते, त्यांनी 1983 ला पुणे जिल्ह्यात ते सुरू केलं, हाताने काम करता करता विज्ञान शिकायचं असा त्यांचा हिशोब. वर्कशॉप, वीज, शेती, घर-आरोग्य सगळं थोडं थोडं. मी मान डोलावली आणि पटलं काहीच नाही.

पटलं ते इस्त्रीच्या दिवशी. इस्त्री तापत नव्हती, मी म्हटलं कॉइल गेली, टाकून द्या. तू तुमच्या शाळेत केलेला तो सिरीज लॅम्पचा बोर्ड आणलास, वस्तूतून वीज पुढे जाते का ते बल्बवर तपासायचा, लाकडी फळी, होल्डर, सॉकेट, आणि त्याला जुना पिवळा बल्बच लागतो, एलईडी चालत नाही म्हणून शेजारच्या आजींकडून मागून आणलास. इस्त्री लावली, बल्ब पेटला नाही. तू म्हणालीस "शॉर्ट नाहीये पप्पा, ओपन आहे, वायर तुटली असेल." मग वायर एका हातात धरून दुसऱ्या हाताने इंच इंच दाबत गेलीस आणि प्लगपासून चार बोटांवर बल्ब एकदम फक्कन लागला. मी फिटर माणूस, हे मला माहीत असायला हवं होतं. आणि दाबायला लागायच्या आधी तू बोर्ड बंद करून वायर कुठे सोललेली तर नाही ना ते बघितलंस, पायात चप्पल आहे का ते बघितलंस, हे मला जास्त आवडलं. बोललो नाही तेव्हा. आता बोलतोय.

आणि ती चिक्की. तुम्ही शाळेत केली, सगळ्यांनी खाल्ली, ठीक. पण तुझ्या वहीत शेंगदाणे, गूळ, गॅस आणि तुमच्या मजुरीसकट एका चिक्कीची किंमत काढलेली होती, आणि खाली लिहिलं होतं की या भावात दुकानदाराला परवडणार नाही. हे मामाला अजून जमत नाही, त्याचे दोन धंदे बसले.

दहावीच्या पालक मीटिंगला सरांनी 2020 च्या शैक्षणिक धोरणातलं एक पान वाचून दाखवलं, मी फोटो काढून ठेवला होता. त्यात सरकारनेच लिहिलंय की 12 व्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाप्रमाणे आपल्याकडे 19 ते 24 वयाच्या काम करणाऱ्यांपैकी रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले 5 टक्क्यांपेक्षा कमी. अमेरिकेत 52, जर्मनीत 75, दक्षिण कोरियात 96. आणि पुढे कारण दिलंय की असलं शिक्षण कमी दर्जाचं समजलं जातं, अभ्यासात मागे पडलेल्यांसाठी आहे असं समजतात. ते वाचताना सर माझ्याकडे बघत नव्हते, पण मला तसंच वाटलं.

रेखा आत्याशी रविवारी बोललो. तिचा मुलगा न्यू जर्सीत सरकारी शाळेतच आहे, फी नाही, पण ती व्होकेशनल-टेक्निकल हायस्कूल आहे आणि तिथे नंबर लागतो का याची त्यांना वर्षभर धाकधूक होती, कारण जागा कमी आणि अर्ज फार. ऐकून मी गप्पच झालो. इकडे आपण लाजतोय आणि तिकडे रांग. पण तिने दुसरी बाजूही सांगितली. तिकडे 1917 ला कायदा करून शाळांमध्ये हे शिक्षण सुरू केलं, आणि कितीतरी वर्षं गरिबांची, काळ्यांची पोरं सरळ तिकडे ढकलायचे, तुम्ही कॉलेजचे नाही म्हणून. ते नाव इतकं खराब झालं की 2006 च्या कायद्यात व्होकेशनल शब्द काढून करिअर अँड टेक्निकल केलं. आता पोरं शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिटसुद्धा घेऊ शकतात. माझी भीती नेमकी ती जुनी भीती होती. की तुला कोणीतरी ढकलतंय. पण तुला कोणी ढकललेलंच नाही, तू स्वतः बोर्ड घेऊन बसलीस.

तर माझा नकार मी मागे घेतोय. इलेक्ट्रिशियन तर इलेक्ट्रिशियन.

पण बाप आहे, थोडं बोलणारच. पुढचा रस्ता उघडा आहे ना एवढं बघूनच पाऊल टाक. दोन वर्षांची आयटीआय झाली की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून डिग्रीलाही. भाषांचे पेपर दिले की बारावीची समकक्षता मिळते, ते पेपर टाळू नकोस, नाहीतर पुढे प्रत्येक फॉर्मवर अडकशील. वायरमनचं लायसन काढायचंच, त्याशिवाय दुसऱ्याच्या सहीखाली आयुष्य जातं. आणि ॲप्रेंटिस चांगल्या ठिकाणी कर, 1961 चा कायदा आहे त्याला, स्टायपेंड हक्काचा असतो, चहा आणायला ठेवत असतील तर सरळ सांग मला.

दुसरं, वर्कशॉप बघितल्याशिवाय ऑप्शन फॉर्ममध्ये एक नंबरला काही टाकायचं नाही. बाहेरचा बोर्ड आणि रंग बघायचा नाही. मोटर रिवाइंडिंगच्या टेबलावर तांब्याच्या तारेचे तुकडे पडलेत का बघ, पॅनेलवर बोटांचे डाग आहेत का बघ. सगळं चकाचक असेल तर समज हात लावू देत नाहीत. तिथल्या पोरांना विचार शिकवणारे सर परमनंट आहेत का एजन्सीचे. तुमच्या मल्टी स्किलच्या सरांचं बघितलंस ना, एजन्सीचं कॉन्ट्रॅक्ट रखडलं आणि जून ते सप्टेंबर वर्कशॉपला कुलूप. माणूस चांगला, पण पगार नाही तर तो किती दिवस येणार. त्याचा मला अजून राग आहे, तुमचे चार महिने गेले ते कोण भरून देणार.

मामा म्हणतोय ते पण ऐकून घे, तो शत्रू नाही. अकरावी सायन्सला बायफोकल, म्हणजे सायन्सबरोबर एक व्यवसाय विषय, घेऊन इलेक्ट्रॉनिक्स 200 मार्कांचं, असं त्याचं म्हणणं. वाईट नाही ते. तुला फिजिक्स पुस्तकातून आवडत असेल तर तेच कर. पण मला वाटतं तुला फिजिक्स इस्त्रीतून आवडतं. चुकत असेन तर सांग.

मुलगी म्हणून लोक बोलतील. पहिल्यांदा कोणाच्या घरी फॅन बसवायला गेलीस की विचारतील, बरोबर कोणी आलं नाही का. मी काय उत्तर देऊ शिकवणार, मला स्वतःलाच वीस वर्षं उत्तर देता आलं नाही. तू मला दिलंस तसं दे, एका वाक्यात.

शनिवारी माझा ऑफ आहे. सकाळी घणसोलीहून ठाणे लोकल पकडू, तिथून बसने वागळे इस्टेटची आयटीआय बघून येऊ, येताना स्टेशनबाहेर मिसळ खाऊ. मार्कशीटच्या दोन झेरॉक्स आणि लिव्हिंग सर्टिफिकेट घे, ओरिजिनल फाईलमध्येच ठेव, बाहेर काढू नकोस. माळ्यावर हिरवी पत्र्याची पेटी आहे, त्यात जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला माझा गुण्या आहे, गंजला असेल तर जरा तेल लाव. इलेक्ट्रिशियनला पण सुरुवातीला कानस मारायला लावतात असं ऐकलंय.

मम्मीला मी सांगतो. मामाला तू सांग.

पप्पा

ता.क. फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय विचारतील तिथे फिटर लिही.