तुला कळला नाही असं मी म्हणायला नको होतं

प्रिय अव्या,

तू जाऊन तीन आठवडे झाले आणि तुझा फक्त 'पोचलो' एवढाच मेसेज आलाय. दोनदा फोन हातात घेतला, पण फोनवर परत तेच होणार, तू 'जाऊ दे रे' म्हणणार, मी पण 'हो जाऊ दे' म्हणणार आणि विषय तिथेच राहणार, म्हणून म्हटलं लिहूनच काढतो सगळं. लांबलं तर दोन बैठकीत वाच.

त्या रात्री चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल', तो शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या शरदचा पिक्चर, संपला आणि तू म्हणालास, "बोअर झालो यार." एवढंच. त्यावर मी पटकन म्हणालो, "तुला कळलाच नाही तो." तुला! सदाशिव पेठेत नऊ वर्षं गाणं शिकलास तू, पहाटे पाचला उठून खर्ज लावायचास, आणि मला आजही भूप राग लागलाय का देशकार हे तुला विचारावं लागतं. मग तूही चिडलास, म्हणालास तुम्ही फेस्टिव्हलवाले ढोंग करता, कंटाळा आला तरी कबूल करत नाही. आई आतून म्हणाली हळू बोला, शेजारी झोपलेत. आणि आपण दोघं गप्प बसलो ते सकाळी तुझी गाडी येईपर्यंत.

मी त्यानंतर खूप विचार केला याच्यावर आणि मला वाटतं आपण दोघंही खोटं बोललो. म्हणजे आपापल्याबद्दल खरं बोललो आणि दुसऱ्याबद्दल खोटं. तुला कंटाळा आला हे खरं होतं. मला नाही आला हेही खरं होतं, देवाशपथ, मी एकदाही घड्याळ बघितलं नाही. पण तुला कळला नाही हे मी कुठून आणलं? आणि वर ते पुरस्कार पण काढले मी, २०२० ला व्हेनिस फेस्टिव्हलच्या मुख्य स्पर्धेत होता, पटकथेचं बक्षीस मिळालं, अल्फोन्सो क्वारोनसारखा दिग्दर्शक एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर आहे वगैरे. त्यानं तुझा कंटाळा थोडाच जाणार होता. जेवण गळ्याखाली उतरत नाहीये अशा माणसाला खानावळीचं सर्टिफिकेट दाखवल्यासारखं झालं ते.

परवा मी तो पिक्चर परत लावला, तुझ्या कानांनी ऐकायचं ठरवून. पहिलाच सीन बघ. गुरुजी गातायत, मागे शरद तानपुरा धरून बसलाय, आणि कॅमेरा अगदी हळूहळू गुरुजींना सोडून त्या पोराच्या चेहऱ्याकडे सरकत जातो. मी पहिल्या वेळी तो चेहराच बघत होतो, त्याचे डोळे, ती भूक, की हे मला कधी येणार. गाणं माझ्यासाठी मागे चालू होतं. तू मात्र गाणं ऐकत होतास. तू तेव्हाच पुटपुटला होतास, "अरे त्यांच्याकडे ठेवा ना कॅमेरा," मी लक्षच दिलं नाही. अरुण द्रविड आहेत ते, मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई आमोणकरांकडे शिकलेले, म्हणजे खरा गाणारा माणूस समोर बसवलाय आणि तू कान देऊन ऐकायला लागलास तर पिक्चर तुला सांगतोय की गाणं ऐकू नको, या मुलाला बघ. पुढे दोन तास तेच आहे रे. शरद गातो ते बरं आहे पण उडत नाही, आणि ते मुद्दाम तसं आहे, कारण गोष्टच त्या न उडण्याची आहे. मला ते गोष्ट म्हणून दिसलं. तुला ते न उडणारं गाणं खरोखर कानांनी ऐकत बसावं लागलं. कुणीही वैतागेल.

हिचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते अव्या भावजींना बोअर नाही झालं, त्यांना लागलं, त्यांनी गाणं सोडलं ना, तंबोरा माळ्यावर ठेवला, आणि पिक्चरमध्ये तेच आलं. असेल किंवा नसेल. पण मी तिला म्हटलं हे म्हणजे 'तुला कळला नाही' चीच जरा गोड आवृत्ती झाली. एखादा सरळ सांगतोय कंटाळा आला, तर त्याच्या पोटात शिरून खरं कारण शोधायचा आपल्याला काय अधिकार. तू बोअर म्हणालास ते मी बोअर असंच धरतो. लागलं असेल तर तू सांगशील, तुझ्या सवडीनं.

एक मात्र तुला तेव्हा सांगायचं राहून गेलं. तो माईंचा, म्हणजे गुरुजींच्या गुरूंचा, आवाज आठवतो, रात्री रिकाम्या रस्त्यावर तो बाईकवर कानात टेप ऐकत जातो तेव्हाचा? तो सुमित्रा भाव्यांचा आवाज आहे. आपल्या पुण्याच्या सुमित्राताई, 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'कासव'वाल्या. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या आणि ३० एप्रिलला हा पिक्चर नेटफ्लिक्सवर आला. लॉकडाऊनमध्ये घरात बसून मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा अकराच दिवस झालेले त्यांना जाऊन. शांतपणे, आवाज न चढवता इतकं कठोर बोलणारी बाई, आणि ती आता नाहीये. ते माझ्या आत बसलंय, आणि तुझ्यासमोर पिक्चर लावताना मी ते पण तुझ्याकडून अपेक्षित धरलं. तुला कसं माहीत असणार?

याच ताम्हाणेचा 'कोर्ट' आपण २०१५ ला थिएटरमध्ये बघितलेला, आठवतंय का काय झालेलं? शेवटी शेवटी कोर्टाचं कामकाज संपतं, लोक निघून जातात, दिवे बंद होतात, पडद्यावर अंधार. आपल्या पुढच्या दोन रांगा उठल्या, चपला शोधल्या, काही जण पायऱ्यांपर्यंत पोचले पण. आणि मग एकदम उजेड, जज साहेब सुट्टीवर सहकुटुंब सहलीला निघालेत. पायरीवर उभे असलेले लोक परत बसेनात आणि जाईनात. एक काका मोठ्यानं म्हणाले, "संपला ना एकदा?" तेव्हा तू माझ्या कानात म्हणालास, हे बरोबर आहे, केस तारखेवर जाते तेव्हा घरच्यांना असंच वाटत असणार, संपलं संपलं म्हणायचं आणि परत उभं राहायचं. इतकं नेमकं त्या पिक्चरबद्दल मी नंतर कुठेही वाचलं नाही. म्हणजे स्लो पिक्चर तुला चालत नाही असं नाहीच आहे. आणि हे माहीत असून मी तुला तसं बोललो.

आता आईची गोष्ट. २०२२ ला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या मासिकानं जगभरच्या समीक्षकांना विचारून सर्वोत्तम पिक्चरांची यादी काढली, दहा वर्षांनी एकदा काढतात ती, त्यात पहिला नंबर आला १९७५ च्या 'जान दिलमान'चा. शांताल अकरमन नावाच्या बाईनं पंचविशीत केलेला, तीन तास एकवीस मिनिटं. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा मुलगा, तिचा फ्लॅट, आणि ती स्वयंपाक करते, भांडी घासते, गाद्या घालते, दुपारी पैसे घेऊन पुरुष येतात तेही तितक्याच शांतपणे उरकते. मी लॅपटॉपवर लावला होता, आई मेथी निवडायला शेजारी येऊन बसली. फ्रेंच काही कळत नाही, सबटायटल्स इंग्लिश. पहिल्यांदा म्हणाली, "ही बटाटे किती जाड सोलते." मग मेथी संपली तरी उठली नाही. आणि दुसऱ्या दिवशीचा भाग आला, बटाटे जास्त शिजले, केस विस्कटलेले, ती पातेलं घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवू कळेना, तर आई एकदम म्हणाली, "आता हिचं काहीतरी बिनसलंय बघ." मला काहीच दिसलं नव्हतं अव्या. मी तो पिक्चर महत्त्वाचा आहे म्हणून बघत होतो, आईला दिसलं कारण पन्नास वर्षं ती ओट्यापाशी उभी आहे. शेवट मात्र तिला अजिबात आवडला नाही, म्हणाली एवढं चांगलं चाललेलं आणि असं कशाला.

मग मी यातच अडकलो. आईला स्वयंपाक येतो म्हणून ती आत गेली, तुला गाणं येतं म्हणून तू बाहेर फेकला गेलास. जाणकारी कधी दार उघडते कधी लावते, याचा काही नियम मला सापडला नाही अजून.

तू त्या रात्री एक बोललास ते पण घोळतंय डोक्यात. मी म्हणालो होतो रमणबागेत सवाईला थंडीत कुडकुडत चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल ऐकायचास, तेव्हा नाही कंटाळायचास, मग चार मिनिटांचा शॉट का सोसवत नाही? तू म्हणालास, "विलंबितात सम येते, तालाची पहिली मात्रा. कितीही लांब जा, परत यायचं ठरलेलं असतं. हा येतच नाही परत." हे मला उत्तरच देता आलं नाही, म्हणून मी पुरस्कारांवर गेलो बहुतेक. मी कधी समेची वाट बघितलीच नाही रे, मला ती कुठे आहे तेच कळत नाही, म्हणून ती न आल्याचा त्रासही नाही झाला.

पण एक खरोखर विचारायचंय. ध्रुपदाच्या आलापात तर ताल नसतो ना? तू एकदा तासभर डोळे मिटून ऐकत बसला होतास, मी बाजूला होतो. तू म्हणशील तिथे मोहरा येतो, आलापाचा एकेक टप्पा संपवणारा तो लयीतला छोटा तुकडा. तो पुरतो का? मला हे दिग्दर्शक मणी कौलमुळे सुचलं, तो आपल्या फिल्म इन्स्टिट्यूटचा, पुढे झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकला, 'ध्रुपद' नावाचा माहितीपट पण केला. त्याचा १९७० चा 'उसकी रोटी' मी लॉ कॉलेज रोडला फिल्म आर्काइव्हमध्ये बघितला होता, ड्रायव्हरची बायको भाकरी घेऊन रस्त्यावर बसची वाट बघत उभी राहते, तोच पिक्चर. आणि तुला खरं सांगतो, विसाव्या मिनिटाला मी कंटाळलो होतो. बाहेर आल्यावर सगळे छान म्हणाले तर मी पण छान म्हणालो. त्या एका दिवसापुरतं तुझं ढोंग म्हणणं बरोबर आहे, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, हिला पण नाही. परत बघायचाय मला तो, तुझ्यासोबत, तू त्यात काय ऐकतोस ते बघायला.

आणि तुझे आवडते पाठलाग-मारामारीवाले, त्यात मी खरंच बोअर होतो. वीस मिनिटं गाड्या उडतात आणि मला माहीत असतं हिरो मरणार नाहीये, मग मी बघू काय? तू म्हणतोस फाइट कशी बसवलीय ते बघ, कोण कुठून येतो ते बघ. तू मला एकदा पॉज करून दाखवलं होतंस तेव्हा मजा आली होती. थिएटरमध्ये पॉज नाही करता येत. पण तू मला कधीच म्हणाला नाहीस की तुला कळत नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

सॉरी अव्या. हेच लिहायला बसलो होतो, तर बघ कुठे येऊन लिहिलं.

जानेवारीत पिफ आहे, आपला पुण्याचा फिल्म फेस्टिव्हल. रजा टाक आणि चार दिवस ये, वरची खोली रिकामीच आहे. रोज एक पिक्चर तू निवडायचा एक मी. आणि एक ठरवू, जो कंटाळेल त्यानं सरळ उठून बाहेर जायचं, दुसऱ्यानं हात धरायचा नाही. तू उठलास तर समोरच्या टपरीवर चहा घेऊन बस, मी पूर्ण बघून येतो, मग कितव्या मिनिटाला उठलास आणि तेव्हा पडद्यावर काय चालू होतं ते सांग. आई म्हणतेय येताना संत्र्याची बर्फी आण, मागच्या वेळी विसरलास.

तुझा,
मंद्या