वेंगुर्ल्याच्या झेरॉक्सवाल्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गौरी-गणपती पार पडले, चाकरमानी परत गेले, मखर सुटं करून खोक्यात भरून ठेवलं. आता निवांत आभार मानायला हरकत नाही. दुकानात ते जमत नाही. मी "काका, तुमच्यामुळे..." म्हणेपर्यंत मागून कोणीतरी सातबारा नाहीतर आधार कार्ड पुढे सरकवतो आणि तुम्ही त्याच्याकडे वळता. म्हणून पत्र. आणि तेही सगळ्यांसमोर, कारण घरच्या घरी नक्षीची फाईल बनवायची, छापायची, कापायची आणि त्यातून आरास उभी करायची, असा उद्योग करणारी मी एकटी नाही. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्या वाडीत तर घराआड एक कागदी मखर असतं. नक्षी नेटवर हवी तेवढी मिळते. कागद कसा वागतो हे सांगणारं माणूस मिळत नाही. मला मिळालं, ते आयतं बाजारपेठेत, तुमच्या पुतण्याच्या दुकानात स्टुलावर बसलेलं.

ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काकांचा पूर्वी छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेतल्या दशावताराची हँडबिलं. छापखाना बंद झाला, पण कागद हातात घेतला की आधी तो चाचपून बघायची सवय गेली नाही.

श्रावणात तुमच्याकडे कार्डवर प्रिंट मागितली की तुम्ही मशीनकडे वळतच नाही. गठ्ठ्यातलं वरचं पान उचलता, एका कोपऱ्याला धरून हवेत झटकता आणि कान देता. कोरडा कागद खडखडतो, दमट कागद नुसताच हलतो. मग ठरलेलं वाक्य: "आज नको गो. कागद नरम झालो हा. उद्या ये." आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगते, चवथ आठवड्यावर आलेली असताना मला तुमचा रागही यायचा. पण कारण तुम्ही नीट समजावलंत. समुद्रावरची हवा कागद पिऊन बसतो. लेझर मशीनमध्ये शाई पावडरीची, ती कागदावर बसवायला आत चांगलीच उष्णता असते. ओल घेतलेलं पान त्या उष्णतेतून गेलं की वळतं, कडांना लाटा येतात, नाहीतर मधेच अडकतं. आणि छपाई झालीच तर रंग कुठे धरतो, कुठे नाही.

तुमच्या कपाटात पिवळा बल्ब का जळत असतो हे मला तेव्हा कळलं. माझ्या आजीकडे पैठणीच्या कपाटात असाच बल्ब असायचा, पावसाळाभर. कागदालाही तो मान असतो हे माहीत नव्हतं. घरी मी बल्ब लावत नाही, तुमची दुसरी युक्ती वापरते: रीमचं वेष्टण फाडून टाकायचं नाही. त्याला ओल आत न शिरू देणारा थर असतो. लागतील तेवढीच पानं काढायची आणि बाकीचा गठ्ठा त्यातच गुंडाळून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. आमच्याकडे तो डबा तांदळाच्या डब्याशेजारी आहे आणि सासूबाईंनी एकदा चुकून त्यात माप घातलंय.

आता ती तराजूची गंमत. मी एका दुकानातून सुटं कार्ड आणलं होतं, '२५०चं' म्हणून. तुम्ही ते बोटांनी दाबून पाहिलंत, मान हलवलीत, सोळा पानं मोजलीत आणि मला शेजारच्या किराणा दुकानात पिटाळलंत: "जा, वजन करून ये." काट्यावर दोनशेच्या आसपास ग्रॅम भरले. परत आले तर तुम्ही हसत होतात. हिशोब असा: कागदाची जाडी ज्या जीएसएममध्ये सांगतात ते म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. ए-फोर आकाराची सोळा पानं जोडली की बरोबर एक चौरस मीटर होतं, म्हणून सोळा पानांचं जेवढे ग्रॅम वजन तेवढा तो कागद. नेहमीच्या ८०च्या कागदाचं एक पान म्हणूनच पाच ग्रॅमचं. तेव्हापासून मी सुटं कार्ड घेताना त्याच्या नावावर जात नाही, काट्यावर घालते. तो किराणावाला आता मला बघून आधीच काटा शून्यावर आणून ठेवतो.

पण ज्यासाठी मुख्यतः हे पत्र, ती गोष्ट चवथीच्या आदल्या संध्याकाळची. माझी जाऊ डोंबिवलीला असते. मखराचे निम्मे खांब तिने तिकडेच छापून, कापून आणायचे ठरले होते, म्हणजे इथली घाई कमी. ती आली, आम्ही खांब शेजारी-शेजारी उभे केले, तर तिचे सगळे माझ्यापेक्षा बोटभर बुटके. फाईल एकच, कागद एकच. घरात जो तो आपापलं निदान सांगायला लागला. मी दोन्ही खांब पिशवीत घातले आणि रिक्षा करून तुमच्याकडे आले. तुम्ही शटर अर्धं खाली ओढलं होतं.

तुम्ही स्टीलची पट्टी लावलीत. माझा खांब पंचवीस सेंटिमीटर, तिचा चोवीस. "ह्या शहाण्णव टक्क्यांवर छापलेला हा," एवढंच म्हणालात. तिकडच्या दुकानात छापताना 'फिट टू पेज' तसंच राहिलं होतं. मशीन कडेला समास सोडण्यासाठी चित्र आपलं आपण लहान करतं आणि कोणाला सांगत नाही. साध्या अर्जाला त्याने काही बिघडत नाही. जिथे एका तुकड्याचा कान दुसऱ्याच्या खाचेत बसायचा असतो तिथे सगळंच बिघडतं. मला वाटलं, तिचे सगळे खांब पुन्हा छापावे लागणार, आणि तेवढं मरून रंगाचं कार्ड तुमच्याकडे शिल्लक नव्हतं. तुम्ही उलटं केलंत. कमान आणि पायऱ्या अजून छापायच्या बाकी होत्या, त्या शहाण्णव टक्क्यांवर काढून दिल्यात; आणि माझे जे खांब आधीच उभे होते त्यांची खालची बैठक एका सेंटिमीटरने कापून टाकायला लावलीत. "बैठक कोण बघता? खाली हार येतले." रात्री आठाच्या सुमाराला मी घरी पोचले आणि दहापर्यंत मखर उभं होतं. घरातल्यांना वाटतं मी ते उभं केलं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाईलच्या कोपऱ्यात पाच सेंटिमीटरची एक रेघ असते. आधी एकच पान काढायचं, रेघेवर पट्टी ठेवायची, ती पाचच भरली तर पुढची. कोणालाही फाईल पाठवताना मी सोबत लिहिते, 'ॲक्च्युअल साइज'वर छापा आणि रेघ मोजा. अर्धे लोक मोजत नाहीत, ते सोडा.

घडीचंही तुमच्याकडूनच. कागदातले तंतू एका दिशेने असतात आणि घडी त्या दिशेने घातली तर साफ बसते, आडवी घातली तर कड फुटल्यासारखी दिसते, हे पत्रिका छापणाऱ्याला माहीत असतं, आमच्यासारख्यांना नाही. तुम्ही कार्डाचा चौकोनी तुकडा कापून एका बाजूने पाण्याचं बोट फिरवलंत. तो आपोआप नळीसारखा वळला. ती नळी ज्या दिशेला लांब, तीच तंतूंची दिशा. खांबाला ती उभी हवी, म्हणजे घड्या सरळ आणि खांब ताठ. कमानीच्या पट्टीला मात्र आडवी, म्हणजे पट्टी न मोडता वळते. मोठ्या शीटमधून कापलेल्या कार्डाला ही परीक्षा घेतल्याशिवाय मी आता कात्री लावत नाही. आणि घडीच्या रेघेवरून आधी संपलेल्या रिफिलचं पेन पट्टी धरून दाबून फिरवायचं, मगच दुमडायचं. त्यासाठी मी सुरी वापरायचे. तुम्ही ती काढून घेतलीत आणि परत दिली नाहीत.

लेझरचा रंग कागदात मुरत नाही, वर थर होऊन बसतो, म्हणून भरीव गडद रंगावर घडी आली की तिथे पांढरी भेग दिसते. घरच्या इंकजेटचं दुखणं वेगळं. त्याची शाई मुरते, पण साध्या शाईला दुर्वांतलं पाणी ठिबकलं की नक्षी ओघळते. यावर तुमचा उपाय सगळ्यात स्वस्त निघाला: रंगीत कार्डच घ्यायचं आणि त्यावर फक्त काळ्या रेषा छापायच्या. घडीवर भेग दिसत नाही, कारण कागद आत-बाहेर एकाच रंगाचा. शिवाय रंगीत प्रिंटचे पैसे वाचतात, म्हणजे तुमचंच नुकसान. लॅमिनेशनबद्दल मात्र आपलं कधी पटणार नाही. तुम्ही म्हणता टिकेल; मी म्हणते, थर्माकोल काढून प्लॅस्टिक लावायचं असेल तर मग कशाला एवढं कातरकाम.

चिकटवण्याचं थोडक्यात. फेव्हिकॉल पापुद्र्याएवढाच, कार्डाच्या तुकड्याने ओढून, कारण त्यातलं पाणीच कागद फुगवतं. खळ पावसात वाळत नाही आणि तिच्यामागे कसर येते. छापखान्यात तुम्ही त्यासाठी खळीत मोरचूद घालत होतात, पण ते विष, लहान मुलांच्या घरात नकोच, हे तुम्हीच बजावलंत.

गंजिफाचा, म्हणजे खेळायच्या जुन्या गोल पत्त्यांचा, विषय काढल्याशिवाय पत्र संपवता येणार नाही. कमानीवर दशावतारी गंजिफासारखी गोल चित्रं हवीत असं माझ्या मनात होतं. सावंतवाडीच्या राजघराण्याने जपलेली ती कला आपल्या जिल्ह्याची, हाताने रंगवलेली गोल पानं, दशावतारी जोडात दहा रंगांची प्रत्येकी बारा, एकूण १२०. नेटवर त्यांचे फोटो आहेत. मी तुम्हाला विचारलं, हे फोटो साफ करून छापून द्याल का? तुम्ही चष्मा काढलात. "ती लोका हातान रंगवतत. तेंच्या पोटार पाय कित्याक? तुझ्या चेडवाक काढूक सांग." माझी मुलगी सहावीत. तिने वाटीभोवती पेन्सिल फिरवून दहा वर्तुळं काढली आणि दहा अवतार रंगवले. मत्स्य अगदी बांगड्यासारखा झाला आणि कूर्माला चष्म्यासारखे डोळे. तुम्ही ती चित्रं एकही रेघ न सुधारता स्कॅन केलीत, ए-फोरवरून १४१ टक्क्यांवर वाढवून ए-थ्रीवर काढलीत आणि दुकानात आलेल्या प्रत्येकाला तो बांगडा दाखवलात. आरतीला आलेल्यांनीही आधी मत्स्यच शोधला.

माटवीबद्दल, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीबद्दल, तुम्ही एकदाच बोललात आणि ते मी पाळलं. कवंडाळं, कांगण्या, तिरफळं, आंब्याचे टाळे, शिपटी, तवसं, नारळ, हे सगळं रानातून आणि परसातूनच आलं. छापलेलं एक पानही तिथे नाही. कागद फक्त मखरापुरता. आणि मखर उभं करायच्या आधी तुम्ही विचारलंत तो प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते: "समई खंय ऱ्हवतली?" आम्ही समई आणि निरांजन कागदापासून चांगलं लांब, जमिनीवर ठेवलं, कापूर फक्त ताम्हणात आणि आरती झाली की ताम्हण बाहेर. मखरात एलईडीची माळ. जुने तापणारे बल्ब कागदाजवळ नकोत, हे दिवाळीतल्या कंदिलालाही लागू.

कंदिलावरून आठवलं. फाईल तयार आहे, पुतण्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली आहे. षटकोनी कंदील, खिडक्यांना पतंगी कागद. चिकटवायच्या पट्ट्या आठ मिलिमीटरच्या ठेवल्यात. तुम्हाला कमी वाटत असतील तर दहा करते. कार्ड २१०चं पुरेल की ३००चं लागेल ते तुम्ही ठरवा, मला ३००च्या घड्या हाताने नीट बसत नाहीत. पुतण्याला सांगून ठेवा, एक पान काळ्यात काढायचं आणि रेघ मोजायची. पुढच्या आठवड्यात दुपारची गर्दी ओसरली की येते, मुलगीही येणार आहे. तिला तुमचं कापायचं मशीन बघायचंय. फक्त लांबून.

तुमची,
फायली पाठवून डोकं खाणारी,
उभादांडा