शहागंजला गेले होते, रागावू नका

छत्रपती संभाजीनगर,
14 मार्च 2026

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी कबुली देते. लग्न होऊन इथं आले तेव्हा तुम्ही बजावलं होतं, 'दिवे लागल्यावर जुन्या शहरात फिरकायचं नाही.' तुमच्या डोक्यात ते दंगलीचे दिवस. 9 वर्षं ऐकलं तुमचं. परवा आम्ही दोघं शहागंजला जाऊन आलो, रमजानचा बाजार बघायला.

आई, गर्दी म्हणजे परळीची शिवरात्र आठव. खजुराचे ढीग, शेवयांची भेंडोळी, फेण्या, आणि त्याला लागूनच एका हातगाडीवर पाडव्याच्या गाठ्यांच्या माळा लटकलेल्या! यंदा पाडवा 19 ला, लगेच मागून ईद. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडं सरकतो. त्यांच्यात अधिकमास नाही ना. आपल्यात यंदा ज्येष्ठात धोंडा आहे, जावयाचे अनारसे विसरू नकोस, हे आठवण करून देतायत.

साडेसहा झाले. भजीवाल्यानं कढईखालचा गॅस बंद केला. मी वीस रुपये पुढं केले, तर म्हणाला, "दो मिनिट ठैरो, बाजी." एवढा गलबला, पण हळूहळू सगळा बसला. दुकानांच्या पायऱ्यांवर पेपर पसरले, त्यावर कलिंगडाच्या फोडी, चणे, भजी. हात मांडीवर. समोरचा शाळकरी पोरगा कलिंगडाकडं असा बघत होता, की मलाच तहान लागली. अजान झाली आणि भजीवाल्यानं पहिला खजूर माझ्या हातावर ठेवला. म्हटलं, माझा रोजा नाही हो. "तो क्या हुआ? खजूर ही तो है."

मग बुड्डी लेनला नान खलिया. तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीहून राजधानी दौलताबादला हलवली, त्याच्या फौजेबरोबर हे जेवण आलं म्हणतात. तंदूरमधून काढलेल्या नानवर कारागीर हळद-गुळाचं पाणी फिरवतो, पिवळा चकचकीत होतो. डेगेतला मटणाचा लाल तवंग बघून जावईबापूंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी नुसता नान खाल्ला. बाबा, तुमच्या माळेची शपथ! (आई, तू काही विचारू नकोस.) मावा जिलेबी मात्र मी एकटीनं संपवली.

परत येताना साडेनऊ झाले, तरी बायका लेकरं घेऊन बांगड्या घासाघीस करून घेत होत्या. भीती वाटली ती फक्त रिक्षांची.

पाडव्याला अंबाजोगाईला येतोय. गाठी घेतल्यात, खजूरही अर्धा किलो. बाबा, दिवसाला 2 च, साखर तपासलेला कागद दाखवल्याशिवाय डबा हाती देणार नाही. आई, शेवया किती आणू ते फोनवर सांग. हातानं केलेल्या आहेत, भाजून घ्याव्या लागतील.

तुमची,
थोरली